कार्बाइडची परिपक्वता



'परिपक्व' हा शब्द कानावर पडला की मी सावध होतो. प्रस्थापितांनी आपल्या माणसाला हा शब्द लावला की खुशाल समजावं, त्याच्या हातातलं काहीतरी काढून घेतलेलं आहे. अण्णाभाऊ साठे डफावर थाप मारून गात होते तोवर प्रचारकी होते. २००२ मध्ये टपाल तिकिटावर आले तेव्हा थोर झाले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा यांनी नाकाला रुमाल लावला होता. आता तोच 'गोलपिठा' चर्चासत्रात वाचतात आणि मधल्या सुट्टीत चहा-बिस्किटं खातात. माणूस तोच, ओळ तीच. मग पिकलं कोण?

आता हा शब्द पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या एका पोराला लावला जातोय. एमसी स्टॅन. खरं नाव अल्ताफ. त्याचा 'तडीपार' हा अल्बम २०२० मध्ये आला आणि 'इन्सान' २०२२ मध्ये. 'तडीपार'मधला पोरगा उद्धट होता, 'इन्सान'मधला कलावंत प्रगल्भ आहे, असं सांगणारे लोक मला कॉलेजच्या कट्ट्यावर भेटतात, आणि आपल्या बैठकीतही भेटतात. पुरावा मागितला तर म्हणतात, सूर सुधारला, राग निवला, आवाजात दर्द आला.

मला या निकालावर अपील करायचंय. काही बाबतीत त्या पोराच्या बाजूनं, काही बाबतीत त्याच्या विरुद्ध.

एक

आधी बाजूनं.

पुणे स्टेशनच्या मागं, रूळ आणि नदी यांच्या मध्ये दाबून बसवलेली वस्ती म्हणजे ताडीवाला रोड. जवळच राजाबहादूर मोतीलाल मिल होती. आज त्या आवारात पब आहेत आणि तिकीट लावून गाण्याचे कार्यक्रम होतात. गिरणी गेली, पगार गेला, वस्ती तिथंच राहिली. या वस्तीतून हा पोरगा उठला. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची शिफारस नाही, गुरूचा गंडा नाही, कुणाची प्रस्तावना नाही.

आणि भाषा कुठली? पुण्याच्या वस्त्यांत जी हिंदी बोलतात ती दिल्लीची नाही, लखनौची तर नाहीच नाही. तिच्यात मराठीचं हाड आहे आणि दखनीचं मांस. सिनेमानं ती घेतली ती टपोरीच्या नाहीतर विनोदी नोकराच्या तोंडी घातली. या पोरानं ती थेट नायकाच्या तोंडी आणली. आपल्या शेंबडीची 'शेमडी' करून त्यानं ती देशभर पोचवली. १२ फेब्रुवारी २०२३ ला तो 'बिग बॉस'चा सोळावा हंगाम जिंकला, ३१ लाख ८० हजार रुपये आणि गाडी मिळाली. त्या रात्री वस्त्यांतली पोरं उगाच नाही नाचली. आपण बोलतो तसं बोलून कुणी जिंकू शकतो हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. याला फालतू म्हणणारे आपले काही जुने कार्यकर्ते आहेत. त्यांनी सांगावं, आपलं शेवटचं कुठलं पुस्तक रिक्षावाल्याला तोंडपाठ होतं?

काही जण म्हणतात, तो आपला नाही, मुसलमान आहे. मित्रहो, १९७३ चा दलित पँथरचा जाहीरनामा काढून वाचा. दलित कोण? अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक, धार्मिक कारणांनी पिळली जाणारी सगळी माणसं. या व्याख्येत ताडीवाला रोडचा अल्ताफ बसत नसेल तर ती व्याख्या आपण नुसती भाषणासाठी ठेवलीय असं म्हणावं लागेल.

दुसरे म्हणतात, रॅप आपला नाही, अमेरिकन आहे. असेल. पण कुठल्या अमेरिकेचा? ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, काळ्या आणि पोर्टोरिकन गरिबांच्या मोडक्या वस्तीत, कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्या फिरवल्या आणि ही गोष्ट सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत पँथर उभी राहिली होती, तीही ओकलंडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. पँथरचं नाव चालतं आणि रॅपचा ठेका चालत नाही, हे कसलं सोवळं? बोलता बोलता गाणं, गाता गाता बोलणं आपल्याला परकं नाही. जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पवाडा रचला. सत्यशोधकांचा जलसा होता, भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा होता, वामनदादा गावोगाव फिरत होते. सायक्लोस्टाइल मशीन हा एका पिढीचा स्टुडिओ होता: स्टेन्सिल कापा, शाई लावा, रोलर फिरवा, कुणाची परवानगी नको. आजच्या पोराकडं मोबाइल आणि फुकटची बीट आहे. यंत्र बदललं, परवानगी न मागण्याची सवय तीच.

तर इथपर्यंत मी त्याचा वकील.

दोन

आता त्याच्या विरुद्ध. पण 'परिपक्व' म्हणणारे ज्या कलमाखाली त्याला सोडतात, नेमकं त्याच कलमाखाली.

त्याच्या दोन अल्बमची नावं एकाखाली एक लिहा. 'तडीपार'. 'इन्सान'. आपल्या अख्ख्या साहित्याचे हे दोन टोकाचे शब्द आहेत. एवढे मोठे शब्द एवढ्या लहान वयात त्याच्या हाताला लागले. पण उघडले किती?

तडीपार म्हणजे काय? महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१. कलम ५५, ५६, ५७. पोलिसांनी एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर हाकलायचं. गुन्हा शाबित व्हावाच लागतो असं नाही, साक्षीदार समोर येऊन बोलायला घाबरतात एवढं पोलिसांचं समाधान झालं की नोटीस निघू शकते. वस्तीतल्या पोराला हा शब्द शाळेच्या दाखल्यासारखा ओळखीचा असतो. पण त्याच्या मागं आणखी एक तडीपारी आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पोलीस ठाण्यातली नजर गेली नाही. आणि त्याच्याही मागं हे पुणं आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिभेद निर्मूलना'त पेशवाईतलं पुणं सांगितलं: आपल्या माणसाच्या गळ्यात मडकं, कमरेला झाडू. थुंकी जमिनीवर पडायला नको, पाऊल रस्त्यावर उमटायला नको. रोज शहरात राबायचं आणि रोज शहराबाहेर असायचं. अशी तडीपारी दोन वर्षांची नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांची होती. गावकुसाबाहेरचा महारवाडा म्हणजे नोटीस न बजावलेली तडीपारीच.

स्टॅनच्या 'तडीपार'मध्ये यातलं पहिलं पान आहे. गल्ली आहे, पोलीस आहे, दुश्मन आहेत, माज आहे. दुसरं आणि तिसरं पान नाही.

मग 'इन्सान'. माणूस! १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब ओंजळभर पाण्यासाठी गेले नव्हते, माणूस म्हणून बरोबरीचा हक्क प्रस्थापित करायला गेले होते. दलित साहित्याचं केंद्र कुठलं, तर माणूस. एवढा शब्द शीर्षकात घेतल्यावर आत काय सापडतं? सूर वाढला, ऑटोट्यून वाढला, तुटलेलं प्रेम आलं, दगा देणारे मित्र आले, यशातलं एकटेपण आलं. हे सगळं खरं आहे. वस्तीतल्या पोराला प्रेमभंगाचा अधिकार नाही असं म्हणणारा मी कोण? त्याला रडण्याचा, एकटं पडण्याचा, दार लावून बसण्याचा पूर्ण हक्क आहे. आपल्या लेखकांना कायम दुःखाचे प्रतिनिधी करून ठेवणं हीसुद्धा एक कोंडवाड्याचीच रीत आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. 'तडीपार'पासून 'इन्सान'पर्यंत जाताना मधे एक प्रश्न लागतो: मला तडीपार केलं कुणी? या प्रश्नावरून माणूस थेट उडी मारून 'इन्सान'वर गेला तर तो इन्सान हवेत लटकतो. त्याला आई असते, प्रेयसी असते, दुश्मन असतात, इतिहास नसतो. आणि 'परिपक्व झाला' म्हणणारे टाळ्या वाजवतात त्या या उडीला. प्रश्न टळला याचा त्यांना आनंद आहे. पोरगा रागावला होता तोवर भीती होती, न जाणो उद्या विचारेल. आता तो स्वतःच्या काळजाकडं बोट दाखवतोय. सुटलो बुवा!

मार्केट यार्डात आंबा दोन तऱ्हांनी पिकतो. गवतात आढी घातली तर दिवस लागतात, सालीवर डाग राहतात, पण आतून कोयीपर्यंत गोड. कार्बाइडची पुडी ठेवली की झटपट पिवळाधमक. कापला तर कोयीजवळ पांढरा आणि आंबट. कायद्यानं कार्बाइडला बंदी आहे, गिऱ्हाइकाला मात्र पिवळा रंग हवा असतो. बाजारानं या पोराला पिवळं केलं. आत तो अजून कच्चा आहे, आणि ही त्याची नालस्ती नाही. कच्चा आहे म्हणजे अजून खरा पिकू शकतो.

तीन

शिव्यांचं बोलू. शिव्या कमी केल्या म्हणजे प्रगल्भ झाला, ही सदाशिवपेठी मोजपट्टी मला मान्य नाही. २०२३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत कुणी रॅपचं चित्रीकरण केलं, त्यात शिव्या होत्या, तर केवढा गदारोळ! गुन्हा दाखल, चौकशी. ज्या शहरात शेणगोळे खात सावित्रीबाई शाळेत गेल्या, त्या शहराला अपशब्दाचा एवढा विटाळ कधीपासून झाला?

'गोलपिठा'तही शिव्या आहेत. पांढरपेशा वाचकाला त्यातले निम्मे शब्द कळेनात. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही कवीकडून अर्थ विचारून घ्यावे लागले. मग ढसाळांची शिवी आणि या पोरांची शिवी यात फरक काय? दिशेचा. ढसाळांची शिवी वर जाते, व्यवस्थेच्या तोंडावर पडते. आज वस्तीतल्या रॅपमधली शिवी बहुतेक वेळा आडवी जाते, दुसऱ्या वस्तीतल्या दुसऱ्या पोराकडं. नाहीतर खाली जाते, बाईकडं.

आणि इथं मी कुणालाच सूट देणार नाही. स्टॅनला नाही, आपल्या पोरांनाही नाही. 'डिस' करायची तर समोरच्याची आई-बहीणच का लागते? ज्या वस्तीत बाया पहाटे चारला उठून पाण्याच्या रांगेत उभ्या राहतात, परक्याची धुणीभांडी करून याला मोबाइल घेऊन देतात, त्या वस्तीचा कवी बाईला एकतर मादी म्हणतो नाहीतर बेवफा. आई तेवढी देवी. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली ती शूद्रांसाठी आणि स्त्रियांसाठी. तिच्या अर्ध्या राखेतून आपण परत मनू उकरून काढायचा? स्टॅननं २०१९ मध्ये एका गाण्याला 'अस्तग़फ़िरुल्लाह' असं नाव दिलं होतं. त्या शब्दाचा अर्थच मुळी देवाकडं माफी मागणं. बरं केलं. पण देव माफ करायला मोकळा असतो, त्याला पाण्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. हिशेब वस्तीतल्या पोरींशी आहे.

चार

गळ्यातली सोन्याची साखळी आणि ऐंशी हजारांचे बूट. यावर आपले गांधीवादी मित्र लय हसतात. मी हसत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी नवं कापड घातलं तर फाडलं गेलं, ज्यांनी वरातीत घोडा आणला तर दगड पडले, त्यांच्या पोरानं बूट मिरवला तर त्यात नुसता माज नसतो. बाबासाहेबांचा सूट आपल्या घराघरांत फ्रेम करून लावलेला आहे, तो का, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण त्या फ्रेममध्ये सुटाबरोबर हातात पुस्तक असतं. सूट अंगावर आला तो त्या हातामुळं. नुसता बूट पायात आला आणि पाय जिथल्या तिथं राहिला तर फायदा बूटवाल्या कंपनीचा. 'बस्ती का हस्ती' ही बिरुदावली छान आहे. माझा प्रश्न एवढाच: एक हस्ती झाली, बस्तीचं काय झालं? नदीला पाणी सोडलं की काठच्या वस्तीत अजूनही पहिली पळापळ होते.

पाच

मग आढीतलं पिकणं कसं असतं? परदेशातलं एक उदाहरण घ्या, आपल्या देशातलं एक.

केंड्रिक लमार. कॅलिफोर्नियातलं कॉम्प्टन हे त्याचं गाव, गुंडांच्या टोळ्या आणि पोलीस यांच्यात चेंगरलेलं. २०१२ च्या अल्बममध्ये तो स्वतःची गल्ली सांगतो. २०१५ च्या अल्बममध्ये तो गल्लीच्या खाली उतरतो: गुलामगिरी, पैसा मिळाल्यावरचा अपराधभाव, काळ्या माणसानं काळ्या माणसाला मारणं. जॅझवाले सोबत घेतो. त्यातलं 'ऑलराइट' हे गाणं पोलिसांच्या अत्याचाराविरुद्धच्या मोर्च्यांत लोक घोषणेसारखं म्हणू लागले. २०१८ मध्ये त्याला पुलित्झर मिळालं, तोवर संगीताचं हे पारितोषिक शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर गेलंच नव्हतं. तो पिकला म्हणजे गल्ली सोडून गेला नाही. गल्ली खणत गेला.

तमिळनाडूचा अरिवू. पा. रंजित यांनी उभ्या केलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधला. त्याची आजी श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली. २०२१ च्या 'एन्जॉय एन्जामी'त त्यानं तिचं भूमिहीनपण आणलं, आणि तेही नाचायला लावणाऱ्या ठेक्यावर. करोडो लोकांनी ते ऐकलं. त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन'च्या भारतीय आवृत्तीनं त्या गाण्याचा गौरव करताना मुखपृष्ठावर इतरांना घेतलं आणि ज्यानं शब्द लिहिले त्यालाच वगळलं. बोंब झाल्यावर मग त्याचं वेगळं मुखपृष्ठ काढलं. बघा, खरं पिकलेलं फळसुद्धा ते टोपलीत खाली दडपतात. म्हणून त्यांच्या टोपलीत आपण वर आहोत की खाली, यावरून स्वतःची किंमत करू नका.

महाराष्ट्रातही ही आढी लागलेली आहे. मुंबईच्या 'स्वदेशी'नं २०१९ मध्ये प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन आरेच्या जंगलासाठी वारली बंडाचं गाणं केलं. माही जी ही महादेव कोळी समाजातली मुलगी आदिवासींच्या जगण्यावर रॅप करते. पोरी माइकवर आल्या की शिवीची दिशा आपोआप सुधारते, हे आपल्या शाहीर मंडळींनीही लिहून ठेवावं.

सहा

कुणी म्हणेल, असं गाणं गायलं तर तुरुंग आहे. आहेच. पुण्यातच २००२ मध्ये कबीर कला मंच सुरू झाला. २०१३ मध्ये शीतल साठे आणि सचिन माळी विधान भवनासमोर स्वतःहून उभे राहिले आणि अटक झाले. सचिन जवळजवळ पावणेचार वर्षं आत होता. सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात पकडलं. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे या मराठी रॅपरवर 'खोक्यां'च्या गाण्यापायी अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. आणि २०१५ मध्ये शिर्डीत तर बाबासाहेबांच्या गाण्याची नुसती रिंगटोन वाजली म्हणून आपल्या एका तरुणाला ठार मारलं.

गुन्हा दाखल झाला म्हणजे गाणं चांगलं झालं, असं मी म्हणत नाही. वाईट गाण्यावरही गुन्हा होतो. ताडीवाला रोडच्या एका पोरानं एकट्यानं सरकारशी भिडावं अशीही माझी अपेक्षा नाही. दुसऱ्याच्या पोराला तुरुंगात धाडून आपण चर्चासत्र भरवणं हा हलकटपणा आहे. पण एक गोष्ट सरळ दिसते. जी गाणी 'मला' म्हणतात त्यांना बक्षीस मिळतं, जी 'आम्हाला कुणी?' असं विचारतात त्यांना नोटीस मिळते. बाजार आणि ठाणं एकाच सवालाला घाबरतात. त्या सवालाला प्रचारकी म्हणून नाक मुरडणारे समीक्षक कुणाचं काम करतात ते त्यांनीच तपासावं.

सात

आता आपलं काम.

जयंतीला डीजेच्या भिंती लागतात. पोरं छातीत धडधड होईपर्यंत नाचतात, वर्गणी संपते, सकाळी कचरा उरतो. एका भिंतीचं भाडं वाचवा. त्यात माइक येतो, साउंड कार्ड येतं, विहाराच्या खोलीला पोती आणि गोधड्या लावून आवाज घेता येतो. दर रविवारी पोरांना बसवा. पोरींना आधी बसवा. लिहा म्हणावं, पण लिहिण्याआधी आजीला विचारून या, आपण या वस्तीत आलो कुठून, गाव का सोडलं, वाट्याला आलेली जमीन कुठं गेली. ते यमकात बसवा. ठेका तुमचा, शब्द तुमचे, भाषा घरची. शुद्धलेखन तपासायला कुणी येणार नाही. एकमेकांवर तुटून पडायचं तर पडा, पण आईबहिणीला हात न लावता. त्याला खरी अक्कल लागते.

आणि लिहिलेलं जपून ठेवा. वामनदादांनी हजारोंनी गाणी लिहिली, त्यातली किती गाणी लोकांच्या वह्यांत आणि कंठात विखुरली गेली, हे ठाऊक असूनही आपण शहाणे झालेलो नाही.

अल्ताफ, भावा, हे पान तुझ्यापर्यंत पोचेल न पोचेल. तुला 'परिपक्व' म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. तुला 'छपरी' म्हणणाऱ्यांचं तर मुळीच ऐकू नकोस. तो शब्द जातीतून आलाय आणि त्यांच्या तोंडाला त्याचा वास येतो. तू दोन शब्द उचललेस ते फार वजनाचे आहेत. त्यांच्या मधलं गाणं अजून बाकी आहे. ते तू करशील तर आम्ही ऐकू, चुकलास तर असंच तोंडावर सांगू. येत्या १४ एप्रिलला ताडीवाला रोडवर माइक मोकळा ठेवा असं मी तिथल्या मंडळाच्या पोरांना सांगणार आहे. तिकीट नाही, बाउन्सर नाही. आपापली वही घेऊन यायचं.

जय भीम.